'दंशमापन' नको, चावाच म्हणा

प्रश्न असा आला आहे: वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात हे हल्ली संगणकावर मोजतात, त्या तपासणीला 'दंशमापन' म्हणावे का?

मुळीच नाही! दंश सापाचा, विंचवाचा, फार तर मधमाशीचा. भरलेली दाढ उंच लागते म्हणून खुर्चीत बसलेला माणूस कुणाला दंश करत नसतो. तरी 'दंशदोष', 'दंशविश्लेषण' कानावर आदळतच असते.

टी-स्कॅन या उपकरणात दातांच्या कमानीच्या आकाराची, सुमारे 0.1 मिलिमीटर जाडीची पट्टी दातांखाली धरून दाबतात. कोणता दात आधी टेकला, कोणता मागून, एकूण जोरातला किती टक्के वाटा कुठे पडला, हे पडद्यावर उमटते. दातांमध्ये धरून चावायला देतात तो रंगीत कागद नुसती टेकण्याची जागा दाखवतो. ठसा मोठा म्हणजे जोर जास्त, असे धरता येत नाही. याला 'चाव्याची संगणकीय तपासणी' म्हणा. डॉक्टरही 'चावून दाखवा' असेच सांगतात.

परिभाषा घडवणारे म्हणतात, संस्कृत धातू दंश्, म्हणून दंशच शुद्ध. त्यांनी कोश उघडला, मराठी ऐकलीच नाही. दंश् वरून आपल्याकडे 'डसणे' आले. दंष्ट्रेवरून प्राकृत 'दाढा' आणि मग आपली दाढ. 'चावणे' त्या घराण्यातले नाहीच! ते संस्कृत धातू चर्व् चे, प्राकृत 'चव्व'चे. मूळ अर्थ दातांखाली बारीक करणे. हिंदीतले 'चबाना' तेच. 'घास नीट चावून खा' म्हणतो तेव्हा हा जुना अर्थ जसाच्या तसा तोंडी असतो. कुत्र्याचा चावा नंतरचा. ('चावी' पोर्तुगीज, तिचा इथे संबंध नाही.)

आणि चव? माझ्या मते तीही चर्व् चीच. काव्यशास्त्राचा पंडित अभिनवगुप्त, त्याने 1000 सालच्या आसपास काश्मीरात काव्यातल्या रसाच्या आस्वादाला 'चर्वणा' म्हटले. चावण्यापासून आस्वादापर्यंतची वाट संस्कृतातच चालून झाली होती, मग मराठीने ती चालली तर नवल कसले? पण चवीला वेगळे मूळ शोधणारे ही पायरी सरळ गाळतात. 'चव्व'चे 'चाव' व्हायला हवे, 'चव' कसे, ही त्यांची हरकत. अर्थाचा धागा इतका पक्का असताना एका ऱ्हस्व स्वरापायी तो तोडणे मला साफ नामंजूर आहे.