नकलाकार म्हणे! तिसऱ्या तासाला ट्रम्पेट वाजवून बघा

प्रश्न : माझी मुलगी डब्लिनच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या घरमालकीण आजी ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणतात, "आमच्या वेळी शोबँड होते, माझं लग्न त्यांच्यामुळेच जमलं." त्यावर त्यांचा मुलगा हसला, "कसले कलावंत! दुसऱ्यांची गाणी वाजवणारे नकलाकार." तुम्ही ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवायचात, म्हणून विचारते. शोबँड म्हणजे आपला ऑर्केस्ट्राच का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बाई, त्या चिरंजीवांना माझ्यातर्फे एकच सांगा : चार तास उभं राहून ट्रम्पेट फुंकून बघा. तिसऱ्या तासाला ओठ सुजतो आणि वरचा सूर फुटतो. खाली नाचणाऱ्यांना त्याचं काही नसतं, त्यांना पुढचं गाणं हवं असतं.

आता तुमचा प्रश्न. बराचसा आपला ऑर्केस्ट्राच, पण आपल्याकडे लोक खुर्चीत बसून ऐकायचे, तिकडे नाचायचे. पूर्वी तिथले वादक सूट घालून, स्टँडवर कागद लावून बसून वाजवायचे. पन्नासच्या दशकात स्ट्रबेन गावच्या क्लिपर कार्लटन बँडने स्टँड हटवले आणि मंडळी उभी राहून, हलत-डुलत वाजवायला लागली. शोबँडची सुरुवात तिथून धरतात. माझ्यासारख्याला यातलं धाडस लगेच कळतं. गणपतीत मैदानावर वारा सुटला की आम्ही नोटेशनला कपड्यांचे चिमटे लावायचो. एकदा काळाचौकीला माझा चिमटा निसटला, कागद थेट निवेदकाच्या तोंडावर, आणि उरलेला अंतरा मी अंदाजपंचे वाजवला. पाठ असल्याशिवाय स्टँड सोडता येत नाही, हे त्या रात्री शिकलो.

सगळ्यांत गाजलेला बँड वॉटरफर्डचा रॉयल, १९५७ चा. गायक ब्रेंडन बॉयर मुळात ट्रॉम्बोनवाला. (तेही पितळी, फुंकायचं वाद्य, म्हणजे आमच्या जातीचा, म्हणून जरा जास्त माया.) दुसरा गायक टॉम डन्फी. १९६२ च्या एप्रिलमध्ये लिव्हरपूलला रॉयलचा कार्यक्रम होता आणि त्यांच्या आधी वाजवायला कोण? बीटल्स! त्यांची पहिली रेकॉर्ड यायला अजून सहा महिने होते. पुढे १९६५ मध्ये बॉयरचं 'हकलबक' आयर्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. तेही मूळचं अमेरिकन गाणं, म्हणजे चिरंजीवांच्या हिशेबाने नक्कलच. पण एल्व्हिसने आयर्लंडात कधी कार्यक्रम केला नाही. खेड्यातल्या पोरांनी ती गाणी रेडिओ लक्झेंबर्गवर खरखरीसकट ऐकली आणि समोर, घाम गाळत, पाहिली ती शोबँडकडून. आम्ही बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला लावून, कान रेडिओला चिकटवून, म्युझिक पीस उतरवायचो, ते तरी वेगळं काय होतं? किशोरकुमार काही आमच्या चाळीच्या मांडवात येणार नव्हता. आमचा पोरगा यायचा.

त्यांचे हॉल बघण्यासारखे. गावाबाहेर रस्त्याकडेला भलीमोठी शेड, एका भिंतीला बायका, समोरच्या भिंतीला पुरुष. दारू नाही, फक्त लेमोनेड. गाणं सुरू झालं की पुरुषांनी मधली मोकळी जागा ओलांडून विचारायला जायचं. आजींचं लग्न असंच जमलं असणार. या हॉलांच्या धंद्यावर काहीजण गब्बर झाले. अल्बर्ट रेनॉल्ड्स त्यांतले, १९९२ मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले. आमचा एक मंडळाचा सेक्रेटरी अर्धं पाकीट आणि अख्खा नारळ हातात ठेवायचा. तो फार तर नगरसेवकपदाची स्वप्नं बघत राहिला.

सुगी संपायची ती ईस्टरआधीच्या लेंटमध्ये. पाद्रींच्या धाकाने सुमारे चाळीस दिवस नाच बंद. मग बँड बोटीने इंग्लंड गाठायचे, तिथल्या आयरिश मजुरांपुढे वाजवायला. आम्ही पितृपक्षात ट्रम्पेट पेटीत ठेवायचो आणि मुकाट परळच्या रेल्वे वर्कशॉपात ओव्हरटाइम करायचो. कल्पकता त्यांच्यात जास्त होती, मान्य.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रॉयल दरवर्षी लास वेगासला मुक्काम ठोकायला लागला. १९७१ मध्ये बॉयर आणि डन्फी बाहेर पडले, त्यांनी 'बिग एट' काढला. रॉयलची गोष्ट तिथे संपल्यातच जमा. हॉलही ओस पडत चालले होते, कारण हॉटेलांत दारूसकट नाच मिळायला लागला आणि डिस्कोत एका माणसाच्या पैशात रात्र निघायला लागली. आठ माणसांना जेवण आणि गाडीभाडं कोण देणार? कॅसेट आणि डीजे आले तेव्हा आमचंही हेच झालं.

पण १९७५ चा जुलै लिहिताना हात अडखळतो. टॉम डन्फी मोटार अपघातात गेला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला पहाटे मायामी शोबँडची गाडी सीमेपलीकडचा, उत्तर आयर्लंडातल्या बॅनब्रिजचा कार्यक्रम आटोपून डब्लिनला परतत होती. लष्करी गणवेशातल्या माणसांनी खोटी नाकाबंदी करून ती अडवली. उत्तर आयर्लंड ब्रिटनकडेच राहावं म्हणणारे ते तिथले निष्ठावादी अतिरेकी होते. गाडीत बॉम्ब ठेवताना तो फुटला, त्यांचेच दोघे मेले, आणि उरलेल्यांनी वादकांवर गोळ्या झाडल्या. फ्रॅन ओटूल, ब्रायन मॅकॉय, टोनी गेराटी असे तिघे गेले. त्यानंतर सीमेपलीकडे कार्यक्रमाला जायला बँड कचरू लागले. आम्हीही पहाटे टेम्पोत पेट्यांना टेकून झोपत परतायचो. पोलिसाने टॉर्च मारला तर काच खाली करून "ऑर्केस्ट्रा आहे साहेब" एवढंच म्हणायचो, आणि तो जाऊ द्यायचा.

आजींना विचारून कळवा, लग्न जमलं त्या रात्री बँड कुठला होता आणि गाणं कुठलं. माझा ट्रम्पेट माळ्यावर आहे, मधला पिस्टन अडकलाय. तेल घालून ठेवतो.