लेक नव्या चर्चला, आम्ही जुन्या

सिडनीहून एका आईचं पत्र आलंय. मूळचे नगरचे, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया); तिथे जवळच्या अँग्लिकन चर्चला जातात. कॉलेजातली मुलगी मात्र मैत्रिणींबरोबर एका नव्या चर्चला जाऊ लागली आहे. "वेदी नाही, पाळकांना झगा नाही, काळ्या रंगवलेल्या हॉलमध्ये नुसते दिवे आणि गिटार. आता म्हणते, पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचाय. तिला अडवू का?"

ताई, दिवे आणि गिटार आधी बाजूला ठेवू. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-कीर्तनाच्या वळणाने ख्रिस्ती भजनं लिहिली, ती आज आपल्याला जुनीच वाटतात. हात वर करून, रडत प्रार्थना करणंही आपल्याला परकं नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मुली अशाच एका सुरात मोठ्याने प्रार्थना करत होत्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून अशा उत्कट प्रार्थनेची पेंटेकॉस्टल लाट उठली ती त्याच्या पुढच्या वर्षी.

खरा फरक आहे तो कोण काय ठरवतं यात. तुमच्या चर्चमध्ये त्या रविवारी कुठला उतारा वाचायचा ते पंचांगासारखं आधीच ठरलेलं असतं. राखेचा बुधवार, लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, सगळं क्रमाने येतं. पाळक बदलले तरी उपासना बदलत नाही. नव्या चर्चमध्ये पाळक विषय निवडतात. चिंता, लग्न, पैसा असा एखादा विषय चार-पाच आठवडे चालतो. सगळी मांडणी पहिल्यांदा आलेल्या माणसासाठी. शिकागोजवळचं विलो क्रीक हे असंच एक चर्च 1975 मध्ये भाड्याच्या सिनेमागृहात सुरू झालं, तेही घरोघरी जाऊन 'तुम्ही चर्चला का जात नाही?' असं विचारून. लोक म्हणाले, कंटाळा येतो, सारखे पैसे मागतात. ही उत्तरं आपल्या युवक संघातही मिळतील, फक्त आपण विचारत नाही.

याची दुसरी बाजूही बघा. तुमच्या पाळकांवर बिशप असतात, सिनॉड म्हणजे चर्चची निर्णय घेणारी सभा असते. नव्या चर्चमध्ये बहुतेक वेळा संस्थापक पाळक आणि त्यांनीच जमवलेलं छोटं मंडळ. विलो क्रीकच्या संस्थापकांवर स्त्रियांनी आरोप केले. ते हाताळण्यात चुकलो, असं मान्य करून 2018 मध्ये तिथल्या सगळ्या एल्डर्सनी, म्हणजे कारभार बघणाऱ्या मंडळाने, राजीनामे दिले. अर्थात बिशप असले म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने 2013 ते 2017 मध्ये मुलांवरच्या अत्याचारांची जी चौकशी केली, तिच्यात जुनी चर्चही उघडी पडली.

म्हणून एका रविवारी तुम्ही दोघं मुलीबरोबर जा. घरी आल्यावर गाण्यांवर शेरे मारू नका. तिला एवढंच विचारा: दशांशाचा हिशेब मंडळींना दाखवतात का? पाळक चुकले तर त्यांना काढू शकेल असं कोण आहे? एखादी मुलगी यायची थांबली तर तिच्या मैत्रिणी तिच्याशी बोलतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना ती अडखळली, तर मी काळजी करेन. बाकी कशाने नाही.

आता बाप्तिस्म्याचं. 1970 साली नागपूरला सीएनआय स्थापन झाली तेव्हा बाळांना बाप्तिस्मा न देणाऱ्या बॅप्टिस्ट आणि ब्रदरन मंडळ्याही तिच्यात आल्या. त्यामुळे बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही तुमच्याच चर्चमध्ये मान्य आहेत. अडचण 'पुन्हा' घेण्याची आहे. तिचं नवं चर्च बाळपणीचा बाप्तिस्मा धरतच नाही, त्यामुळे त्यांच्या मते हा पहिलाच. तुमच्या मते झालेला पुसता येत नाही. अँग्लिकन चर्चमध्ये त्यासाठीच दृढीकरण असतं, म्हणजे बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी. तिचं अजून झालं नसेल, तर निर्णय घेण्याआधी तुमच्या पाळकांशी एकदा बोल, एवढं तिला सांगून बघा. तरीही ती ठाम राहिली, तर अडवू नका. सज्ञान आहे ती. त्या दिवशी टॉवेल घेऊन जा आणि पुढच्या रांगेत बसा. नगरला आजीला फोन मात्र तिनेच करायचा, आणि तोही फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पडण्याआधी.