पनामा कालव्यात फ्रेंच अपयशी ठरले, मग अमेरिकेला तो कसा जमला? फक्त मोठ्या यंत्रांमुळे?

यंत्रं मोठी होती हे खरं, पण निकाल लागला तो नदी आणि डास यांच्यावर. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, म्हणून आधी नदीचं सांगतो.

पनामाच्या फ्रेंच कामाचा प्रमुख फर्डिनांड द लेसेप्स इंजिनिअर नव्हता, मुत्सद्दी होता. १८६९ साली त्यानं उभारलेला सुएझ कालवा खुला झाला आणि लेसेप्सचं नाव जगभर झालं. सुएझ म्हणजे सपाट वाळवंट, तिथे समुद्राच्या पातळीपर्यंत खोदत गेलं की काम झालं. पनामातही तसंच करायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. पण पनामात मध्ये कुलेब्राचा डोंगर आहे, धो धो पाऊस आहे आणि काही तासांत कित्येक फूट चढणारी चाग्रेस नदी आहे. १८७९ च्या पॅरिस परिषदेत गोदँ द लेपिने या फ्रेंच इंजिनिअरनं सांगितलं होतं, की नदीला धरण बांधा, तलाव करा आणि जहाजं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढवा. त्याचं ऐकलं नाही. मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते, कारण उत्तर त्याच सभागृहात होतं.

१८८१ मध्ये काम सुरू झालं. डोंगर जितका खोदावा तितक्या दरडी कोसळायच्या. त्यात पीतज्वर (यलो फिव्हर) आणि मलेरिया. आमच्या आजीच्या दुधाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत, मुंग्या चढू नयेत म्हणून. फ्रेंचांच्या इस्पितळात रुग्णांच्या खाटांचे पायही असेच पाण्यात ठेवायचे. त्याच पाण्यात डास वाढत होते, म्हणजे रोग उशाशीच पोसला जात होता. त्या काळात सुमारे २२,००० माणसं दगावली असा अंदाज आहे. १८८७ मध्ये लेसेप्सनं शेवटी पायऱ्यांची योजना मान्य करून आयफेल टॉवरवाल्या आयफेलला काम दिलं, पण उशीर झाला होता. १८८९ मध्ये कंपनी बुडाली आणि हजारो सामान्य फ्रेंच कुटुंबांची बचतही बुडाली.

१९०४ मध्ये अमेरिकेनं काम हाती घेतलं तोवर डासांचं कोडं सुटलं होतं. रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरनं १८९७ मध्ये आपल्याच सिकंदराबादेत मलेरियाचा डास पकडला होता आणि पीतज्वराचा डास क्युबात सापडला होता. अमेरिकी लष्कराचे डॉ. गॉर्गस यांनी घरोघरी धुरी दिली, डबक्यांवर तेल ओतलं, पाण्याची पिंपं झाकली. दोनेक वर्षांत पीतज्वर हटला.

मुख्य इंजिनिअर जॉन स्टीव्हन्स रेल्वेतला माणूस. खोदण्यापेक्षा माती वाहून नेणं अवघड आहे, हे त्यानं ओळखलं आणि आधी रूळ नीट केले. १९०६ मध्ये धरणाची योजना पक्की झाली. गाटूनला चाग्रेस अडवली, तलाव समुद्रापासून २६ मीटर उंचावर आला. जहाज तीन कप्प्यांतून वर चढतं, आणि कप्पे भरायला पंप लागत नाही, तलावाचं पाणी उतारानं आपसूक येतं. जी नदी फ्रेंचांचं काम धुऊन नेत होती, तीच आता जहाजं उचलते. १५ ऑगस्ट १९१४ ला 'अँकॉन' हे जहाज पार झालं.

एक मात्र सांगायलाच हवं. खोदणारे हात बहुतेक बार्बाडोस आणि आसपासच्या बेटांवरच्या कृष्णवर्णीय मजुरांचे होते. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्यात, यांना चांदीत, आणि पोस्टातल्या खिडक्यासुद्धा वेगळ्या. अमेरिकी काळात नोंदलेले मृत्यू ५,६०९, आणि त्यांत बहुतेक हेच मजूर होते.