उद्याची कामं रात्रीच कागदावर उतरव
नव्या नोकरीत सुरुवातीला झोप उडतेच, माझीही उडाली होती. अंथरुणात उद्याची कामं घोळवत बसू नकोस. झोपण्याआधी लिहून काढ. नुसतं ‘रिपोर्ट’ लिहिलंस तर डोकं तो सोडत नाही, ‘सकाळी आकडे मागवायचे’ असं लिहिलंस की सोडतं. निदान माझं तरी!

छातीत धडधडलं तर ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके मंदावतात, जादू काही नाही. संध्याकाळची कॉफी मात्र बंद. ५-६ तासांनंतरही साधारण निम्मं कॅफीन अंगात उरलेलं असतं. हे मला फार उशिरा कळलं. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखव, उगाच सोसत बसू नकोस.