ऑडी क्वाट्रो फोर-व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद चारही चाकांना) होती, तरी १९८३ मध्ये टू-व्हील ड्राइव्ह लॅन्चिया जागतिक रॅली विजेती कशी ठरली?

अवघ्या दोन गुणांनी ठरली, हे आधी सांगतो. कंपन्यांच्या विजेतेपदाचा त्या वर्षीचा हिशेब लॅन्चिया ११८, ऑडी ११६. चालकांचं विजेतेपद ऑडीच्याच हानू मिक्कोलाने नेलं. त्यामुळे ‘फोर-व्हील ड्राइव्ह हरली’ असं नाही म्हणता येणार. पण क्वाट्रोमध्ये एक खोट जन्मजात होती, आणि ती कळायला गाडी कशी घडली ते बघावं लागतं.

१९७६-७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे इंजिनिअर फिनलंडच्या बर्फात चाचण्या घेत होते. सोबत फोक्सवॅगनची इल्टिस ही फोर-व्हील ड्राइव्ह लष्करी जीप होती, ताकद जेमतेम ७५ अश्वशक्ती. कितीतरी जास्त ताकदीच्या ऑडी जागच्या जागी चाकं फिरवत बसायच्या आणि ही निघून जायची. योर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरच्या डोक्यात तिथे किडा वळवळला, आणि ऑडीचे तांत्रिक प्रमुख फर्डिनांड पिएख यांनी तो उचलून धरला.

पण जीपची यंत्रणा जशीच्या तशी कारमध्ये चालत नाही. काकांच्या जुन्या जीपला फोर-व्हील टाकून मी एकदा डांबरी रस्त्यावर यू-टर्न मारला होता. स्टिअरिंग दगडासारखं जड, टायर कुरकुरतायत, गाडी अडखळत उड्या मारतेय. शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. दोन्ही एक्सल (पुढच्या आणि मागच्या चाकांचे आस) एकमेकांना घट्ट बांधलेले असले की कुठलं तरी चाक घसटणारच. म्हणून मध्ये एक डिफरेन्शिअल हवं, म्हणजे दोन्ही एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, आणि तेही जड ट्रान्सफर केसशिवाय, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या वेगळ्या गिअरपेटीशिवाय.

ऑडीने यावर काढलेला तोडगा मला आजही भारी वाटतो. गिअरबॉक्समधला एक शाफ्ट त्यांनी चक्क पोकळ केला. लांबी २६३ मिलिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी जास्त. इंजिनची ताकद या पोकळ शाफ्टमधून मागे मधल्या डिफरेन्शिअलपर्यंत जाते. तिथून अर्धी मागच्या चाकांकडे, आणि उरलेली अर्धी त्याच पोकळीतून जाणाऱ्या बारीक शाफ्टवरून परत पुढे. (छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणाऱ्या ऑडींवर ‘क्वाट्रो’ लिहिलेलं दिसतं, त्या नावाचा उगम हा.)

मार्च १९८० मध्ये गाडी जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. त्याच वर्षी पोर्तुगालच्या अल्गार्व रॅलीत मिक्कोलाने ती स्पर्धेबाहेर, नुसती रस्ता बघणारी गाडी म्हणून पळवली. वेळ मोजला तर विजेत्यापेक्षा जवळपास अर्धा तास कमी! १९८१ मध्ये मिक्कोलाने स्वीडन जिंकली, आणि मिशेल मूटाँने सॅनरेमो. जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. १९८२ चं कंपन्यांचं विजेतेपद ऑडीचंच.

आता खोट. पाच सिलिंडरचं लांबलचक इंजिन पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकलेलं होतं. बर्फात, मातीत ते खपून जायचं, पण कोरड्या डांबरावर स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जायला बघायचं. लॅन्चिया ०३७ चं इंजिन मधोमध, वजन टनभरही नाही. मॉन्टे कार्लो, कॉर्सिका या डांबरी रॅल्या तिने मारल्या, आणि अर्धी डांबर, अर्धी माती अशी सॅनरेमोही. स्वीडनच्या बर्फात लॅन्चियाची टीम फिरकलीच नाही. जिथे हरणार हे नक्की, तिथे पैसा कशाला घाला? अर्थात सगळंच डांबराच्या खात्यावर टाकता येत नाही. ग्रीस आणि न्यूझीलंडच्या मातीतही वॉल्टर रोर्लने लॅन्चियाच जिंकवली, आणि माझ्या मते ते दोन गुण खरे तिथले.

१९८४ मध्ये दोन्ही विजेतेपदं ऑडीकडे आली, चालक स्टिग ब्लोमक्विस्ट. तोवर प्यूजोने २०५ टी-सिक्स्टीन उतरवली होती: चारही चाकांना ताकद आणि इंजिनही मध्ये. ८५ आणि ८६ तिचं. ऑडीने पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३२० मिलिमीटरने कापून स्पोर्ट क्वाट्रो काढली, पुढे तिच्या एस-वन या आवृत्तीत रेडिएटरसुद्धा डिकीत नेले, पण इंजिन होतं तिथेच राहिलं. जागतिक स्पर्धेत एस-वनचा एकच विजय, १९८५ ची सॅनरेमो. चालवत होता वॉल्टर रोर्ल, ८३ मध्ये लॅन्चियात बसून ऑडीला रडवणारा तोच.