अंतराळात शरीर बिघडतं का? मग परतल्यावर उभं राहणं इतकं जड का जातं?

तुमचा प्रश्न असा आहे: सुनीता विल्यम्स अंतराळ स्थानकात हसतखेळत वावरत होत्या, मग २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतल्यावर त्यांना स्ट्रेचरवरून का नेलं?

स्ट्रेचर हा खबरदारीचा नेहमीचा शिरस्ता आहे. आणि शरीर तिथे बिघडत नाही, ते तिथलं होऊन जातं. अंथरुणाला खिळलेल्यांना पुन्हा चालतं करणं हेच माझं काम, मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा.

अंतराळात गुरुत्वाकर्षणच नसतं, हा गैरसमज आधी काढून टाकू. स्थानक जेमतेम ४०० किलोमीटर उंचीवर आहे, तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतंच. पण स्थानक आणि आतली माणसं मिळून पृथ्वीभोवती सतत पडतच असतात, म्हणून अंगाचा भार कशावरच येत नाही. लिफ्ट झपकन खाली निघाली की क्षणभर पोटात गोळा येतो ना, ते महिनोन्‌महिने चालू राहिलं असं समजा.

सगळ्यात आधी हलतं ते रक्त. पायांकडे ओढणारं काही नसल्याने ते आणि अंगातलं पाणी छाती-डोक्याकडे सरकतं. तोंड सुजल्यासारखं दिसतं, नाक चोंदतं, पाय काटकुळे होतात. वरच्या भागात दाटी झाली की शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, मग ते रक्तातला द्रव कमी करतं. तिथे तेवढं रक्त पुरतं. खाली येऊन उभं राहिलं की ते पायांत उतरतं आणि डोक्याला कमी पडतं.

हे मी वॉर्डात पाहते. पाच आठवडे झोपून काढलेल्या एका आजींना मी पहिल्यांदा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं. अर्ध्या मिनिटात ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम फुटला, माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "बाळा, डोळ्यांपुढे अंधारी आली गं." भारहीनतेचा अभ्यास जमिनीवर करायचा तर शास्त्रज्ञही हेच करतात: धडधाकट माणसांना डोक्याकडे ६ अंश उतार दिलेल्या पलंगावर कित्येक आठवडे झोपवून ठेवतात.

हाडं आणि स्नायूंचा हिशोब मात्र कडक. ज्याच्यावर भार नाही, ते शरीर पोसत नाही. पुरेसा व्यायाम नसेल तर खुब्याचं हाड महिन्याला साधारण १ ते दीड टक्का झिजतं. त्यातलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, त्यामुळे मुतखड्याची भीती वेगळीच. पोटऱ्या, मांड्या, पाठ हे आपल्याला दिवसभर उभं धरणारे स्नायू आधी उतरतात. मणक्यांवरचा दाब गेल्याने उंची मात्र काही सेंटीमीटर वाढते, आणि पाठ दुखते. माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट तळपायांची: चालणंच नसल्याने तळव्यांची जाड कातडी सोलवटून निघते, आणि दांड्यांत पाय अडकवून स्थिर राहावं लागतं म्हणून घट्टे पडतात ते पावलांच्या वरच्या बाजूला!

१९७० साली सोयूझ-९ यानातून निकोलायेव आणि सेवास्त्यानोव हे सोव्हिएत अंतराळवीर जेमतेम १८ दिवसांनी परतले, तर त्यांना धरून बाहेर काढावं लागलं. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला जुलै २०२५ मध्ये २० दिवसांनी परतले आणि थोडा आधार घेऊन चालत बाहेर आले. मधल्या काळात पुष्कळ काही बदललं, त्यात व्यायामाला मी सर्वात वर ठेवेन. आता स्थानकावर लांब मुक्कामाचे लोक रोज सुमारे दोन तास पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलवर बांधून धावतात, निर्वात नळकांड्यांच्या यंत्रावर वजन उचलल्यासारखा जोर लावतात. तरीही परतल्यावर पुन्हा व्यायामाचे कित्येक आठवडे असतातच. स्नायू त्यात लवकर भरतात, हाडाला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त.

राहिला मेंदू. आतल्या कानात बारीक खडे असतात, त्यांच्या सरकण्यावरून आपल्याला वर-खाली कळतं. तिथे त्यांचा निरोप चुकीचा येतो. पहिले दोन-तीन दिवस बऱ्याच जणांना मळमळतं, मग मेंदू कानापेक्षा डोळ्यांवर विसंबायला शिकतो. परतल्यावर हा धडा लगेच विसरता येत नाही. शुक्लांनी स्वतः सांगितलंय, हातात घेतलेला मोबाइल त्यांना जड वाटला. आणि पलंगावर बसून काम झाल्यावर लॅपटॉप बाजूला, हवेतच सोडून दिला, तिथे तरंगत राहील म्हणून. खाली गालिचा होता म्हणून बरं.