मिस्सात रडू येतं

प्रश्न : फादर, मी सोलापूरची, चादरीच्या कारखान्यात शिलाईला आहे. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) घेतला की डोळ्यांना धारच लागते. दुःख काहीच नसतं. शेजारच्या बाया विचारतात, “सासरी काही झालं का गं?” हे देवाचं दान की दुबळेपणा?

उत्तर : ताई, बायांना सांगा, सासरी सगळं ठीक! येशूसंघ या धर्मगुरूंच्या संघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस सैनिकी गडी, पण त्यांच्या १५४४-४५च्या रोजनिशीत मिस्सातल्या आसवांची नोंद पानोपानी आहे. डोळे जातील की काय, अशी पाळी आली. तरी १५५३च्या एका पत्रात त्यांनीच कळवलं, की हे दान सगळ्यांना गरजेचं नाही. तेव्हा आलं तर पदराने पुसा. ओढूनताणून आणू नका. त्या आसवांनी सासूशी बोलणं मऊ झालं का, मी तरी तेवढंच विचारतो. आणि कारखान्यातही डोळे गळत असतील तर ते तंतूंमुळे असेल, डॉक्टरांना दाखवा.